फिरता दिवा

बसलिंगप्पांनी शिडीवर तोल सावरत खिशातला रुमाल काढला, गाडीच्या टपावरच्या दिव्याच्या काचेवरून एकदा फिरवला आणि हात एकदम मागे घेतला.

काचेवर लाल पट्टा उमटला होता. बाकीची काच मातकट होती, त्या दिवशी असेल तशी. ती तशीच तपासायला हवी होती. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात राहू नये याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला, पुन्हा काढला, घडी नीट केली आणि परत ठेवला.

"पुसा की साहेब," खाली शिडी धरून उभा असलेला नरसिंग म्हणाला. "धुळीचं काय, घडीभरात परत बसती."

"नको. होता तसाच बघायचा दिवा."

"होतं तसं आता काय ऱ्हायलंय?"

बसलिंगप्पा खाली उतरू लागले. उतरताना त्यांचा पाय पायरीवरून घसरला. नरसिंगने त्यांना सावरायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. ते आपले आपणच सावरले.

आजूबाजूला नुसता माळ होता. ज्वारी कधीतरी पेरली होती एवढं ओळखू येईल असे खुंट आणि भेगा. समोर वळणापलीकडे तळेहळ्ळी गाव. गावाच्या नावातलं तळं कुणाच्या आजोबांनी पाहिलं असेल तर असेल.

जिल्हा नवा होता. लातूर उस्मानाबादेतून वेगळं होऊन फार वर्षं झाली नव्हती. मोटारींची कचेरी भाड्याच्या घरात होती, आणि नांदेडहून बदलून आलेल्या बसलिंगप्पांच्या टेबलाचा एक पाय अजून विटेवरच होता. नव्या जिल्ह्याला सुरुवातीलाच दवाखान्यांसाठी गाड्या मिळाल्या. त्या गाड्यांवर लाल फिरते दिवे होते, आणि ते नियमाला धरून आहेत असा दाखला बसलिंगप्पांनी सही करून दिला होता. मग पाऊस गेला. गावोगाव टँकर सुरू झाले. टँकर दिसला की माणसं वळणावर अंगावर धावत येतात, म्हणून टँकरांवरही फिरते दिवे बसवले गेले, पिवळे. त्या दिव्यांशी बसलिंगप्पांचा संबंध नव्हता. तरी अलीकडे त्यांना तो असल्यासारखा वाटे.

गेल्या महिन्यात रोजगार हमीच्या एका विहिरीवर सुरुंगाचा दगड उडून दगडोबा नावाच्या मजुराच्या मांडीत घुसला. दवाखान्याच्या याच गाडीचा चालक नरसिंग त्याला घेऊन लातूरला निघाला होता. रस्ता तळेहळ्ळीतून जात होता. त्या दिवशी गावात टँकर यायचा होता. लांबून फिरता दिवा दिसला, आणि बायांनी आपापल्या घागरी आणून रस्त्यावर नंबराने मांडल्या. गाडी घागरींसमोर थांबली. ती तिथून हलली तेव्हा दगडोबात जीव नव्हता.

वरून आलेल्या पत्रात विचारणा एकच होती. दिवा नियमाप्रमाणे होता की नव्हता? होता, तर बाया तो ओळखू शकत होत्या आणि गाडी पुढे न काढणं हा चालकाचा हलगर्जीपणा. नव्हता, तर तो ज्याने पास केला त्याला जाब विचारायचा. नरसिंगला कामावरून काढण्याचा कागद टाईप होऊन पडला होता. तो अजून गाडी चालवत होता, कारण गाडीवर दुसरा माणूस नव्हता.

"मी त्या बाभळीपर्यंत चालत जातो," बसलिंगप्पा म्हणाले. "हात वर केला की तुम्ही दिवा लावा."

"मला तुमी म्हनू नका हो साहेब. चौकशीत मानूस आपला वाटायला लागतो."

बसलिंगप्पा ओशाळून हसले आणि चालू लागले.

चालताना त्यांनी सदऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. अडचणीत ही त्यांची सवय होती. दाखला देताना आपण दिवा नीट पाहिला होता का, हे त्यांना आठवत नव्हतं. नियमाचं पुस्तक वाचलेलं आठवत होतं, पानाचा कोपरा दुमडलेलाही आठवत होता, दिवा मात्र आठवत नव्हता. जुन्या पोथीत एखादी ओळ शोधावी तसे ते महिनाभर मनात तो दिवस शोधत होते. काच मुळातच फिकट असली तर? उन्हाने तिचा रंग उतरला असला तर? ते आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं तर?

बाभळीखाली पोचून ते मागे वळले आणि त्यांनी हात वर केला.

टपावर दिवा फिरू लागला.

लाल होता.

बसलिंगप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. ऊन समोरून येत होतं, काचेवर धूळ होती, अंतर नियमात सांगितलेल्यापेक्षा थोडं जास्तच होतं. तरी लाल होता. कचेरीतून आणलेला नमुन्याच्या काचेचा तुकडा त्यांनी डोळ्यासमोर धरला. तोच रंग. कुणालाही कळला असता. फिरण्याचा वेगही ठीक होता.

त्यांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर आला. आपण चुकलो नव्हतो. क्षणभर बाभळीची सावलीही गार लागली. मग तिकडे गाडीपाशी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा असलेला नरसिंग त्यांना दिसला, आणि तो श्वास आपण परत घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

ते सावकाश परतले. नरसिंगने दिवा बंद केला होता आणि बिडी पेटवली होती.

"काय दिसलं?"

"लाल."

"हाव. लालच हाय," नरसिंग म्हणाला. "म्या रोज बघतोय. तुमाला एवढं चालत जायाचं काम नव्हतं. मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"तुम्ही... सांगितलं असतंत?"

"मंग? लाल दिव्याला पिवळा म्हनून कुनाला फसवू?" त्याने धूर सोडला. "मंग, आता गेलो म्या घरी."

बसलिंगप्पा गाडीच्या सावलीला दगडावर बसले. पुढचा प्रश्न त्यांनी कागदावर लिहून आणला होता, पण कागद काढला नाही.

"नरसिंग, एक विचारू? तुम्ही खाली उतरून घागरी बाजूला का नाही केल्या? चार घागरी सरकवल्या असत्या तर गाडी निघाली असती. पत्रात तेच लिहिलंय."

नरसिंगने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस खरंच विचारतो आहे की थट्टा करतो आहे, हे तो पाहत होता.

"साहेब, तुमी आप्पा लोक, लिंगायत. तुमी सरकवल्या असत्या तर बायांनी शिव्या दिल्या असत्या, आन संपलं असतं. माझं घर नालंदानगरात हाय. गाव मला वळखतंय. माझा बाप ह्याच गावात मेलेली ढोरं वढायचा." त्याने बिडी दगडावर विझवली. "त्या घागरीत आठ दिवसांचं पानी यायचं हुतं. माझा हात लागला असता तर दगडोबा वाचला असता का न्हाई म्हाईत न्हाई. म्या वाचलो नसतो."

"हे चौकशीत सांगितलं का तुम्ही?"

"कुनाला सांगू? लिवून घेनारा बी आप्पाच हुता."

बसलिंगप्पांनी मान खाली घातली. मघाशी शिडीपाशी नरसिंगचा हात मध्येच का थांबला ते त्यांना आत्ता कळलं. इतक्या वयात, इतकी पुस्तकं वाचून, आत्ता.

"म्या वरडलो," नरसिंग म्हणाला, आता हळू. "पेशंट हाय, पेशंट हाय म्हनून घसा फुटंस्तोवर वरडलो. पेशंट ह्याच गावचा हाय ते मला तवा ठावं न्हवतं. भोंगा वाजविला. मुकादम मागं त्याची मांडी दाबून बसलेला, त्याला हात सोडता येईना. बाया म्हनाल्या, आधी तिची उचला, मंग माझी उचलते. त्याच्या आदल्या महिन्यात एका ट्रकला वाट द्यायला उचलल्या हुत्या, तवा नंबर हुकले आन दोघींची डोकी फुटली. मंग कोन आधी उचलनार?"

"आणि त्यांना दिवा..."

"त्यास्नी दिवा दिसला. पिवळा दिसला का लाल दिसला, ते त्यास्नीच इचारा."

*

तेच विचारायला ते गावात आले. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बाया बसल्या होत्या. समोर घागरींची रांग होती. पितळेच्या, पत्र्याच्या, प्लॅस्टिकच्या, सगळ्या तोंडाने आभाळाकडे. आज यायचा टँकर आज येईलच असं नव्हतं, पण नंबर आजचाच होता. नरसिंगने गाडी रांगेपासून बरीच अलीकडे उभी केली.

"दगडोबाचं घर कुठं आहे?" बसलिंगप्पांनी विचारलं.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी गंगम्मा नावाच्या एका म्हातारीने हनुवटीने वरच्या आळीकडे दाखवलं.

"त्या उंबराच्या झाडाकडंचं. दार उघडंच असतंय."

एरवी खेड्यात कुणाचं घर विचारलं तर पाच जण सोबत येतात. इथे कुणी उठलं नाही. बसलिंगप्पा एकटेच चढ चढून गेले.

दार उघडं होतं. आत एक बाई सुपात सरकारी धान्य घेऊन खडे वेचत होती. कपाळ मोकळं. त्यांना पाहून तिने पदर सावरला आणि पोतं झटकून पसरलं.

"बसा. पानी इचारत न्हाई, रागावू नगा."

"नाही, नाही. तहान नाही." त्यांचा घसा कोरडा होता. "तुम्ही दगडोबांच्या पत्नी, धुरपताबाई ना? मी लातूरहून आलोय. त्या गाडीच्या दिव्याच्या तपासणीसाठी."

"म्या वळखलं. कोनतरी येनार म्हनून पाटलानं सांगितलं हुतं."

बसलिंगप्पांनी पोत्यावर बसून कागद काढला. शाई उन्हाने सुकली होती. त्यांनी पेन झटकलं. प्रश्न लिहिलेला होता तसाच वाचावा असं त्यांनी ठरवलं होतं, पण पहिल्या ओळीवरच त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी लांबून जो दिवा दिसला," ते म्हणाले, "तो कोणत्या रंगाचा दिसला, एवढंच सांगायचं. तुम्ही तिथं होता असं कळलं."

"हुते."

"सांगायला नको असेल तर..."

"पैली घागर माजीच हुती," धुरपताबाई म्हणाली. ती खडे वेचतच होती. "सकाळपासून नंबर धरून बसले हुते. लांबून दिवा दिसला तशी म्याच पैली उठले. चाकाच्या म्होरं माजी घागर. डायवर वरडत हुता. मागनं भामाबाई म्हनली, धुरपते, उचल की, पेशंट हाय म्हनतोय. म्या म्हनलं, आधी मागच्या उचला. मंग म्या."

सुपातला एक खडा तिने उचलला, पाहिला, बाजूला ठेवला.

"काच हिरवी हुती गाडीची. आतलं दिसत न्हवतं."

बाहेर कुठेतरी पत्रा वाजला. बसलिंगप्पांना उठून जावंसं वाटलं. सगळं आयुष्य त्यांनी खात्री नसलेली गोष्ट बोलायची टाळली होती, आणि खात्री असलेलीही दबक्या आवाजातच सांगितली होती. आता जे ते बोलू पाहत होते ते या दोन्हींतलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "काच उन्हानं उतरते. धूळ बसते. लांबून तो दिवा... पिवळा दिसू शकतो. टँकरसारखा. मी आत्ताच तपासलाय. तुमचा त्यात काही..."

"न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "लाल हुता."

त्यांनी वर पाहिलं.

"म्या दवाखान्याची गाडी वळखते. आमच्या आळीतल्या पारूला त्याच गाडीनं नेलं हुतं. लाल हुता ते समद्यांनी बघितलं. बघून बी मांडल्या घागरी. आमाला वाटलं, सरकारची गाडी हाय तर मागनं टँकर असंल. लाल काय न् पिवळा काय. फिरता दिवा म्हंजी सरकार."

बसलिंगप्पांनी कागदाची घडी केली. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवा नियमाप्रमाणे होता, आणि ज्यांनी पाहायचा त्यांनी तो पाहिला होता.

"ठीक आहे," ते पुटपुटले आणि उठू लागले.

"थांबा आप्पा." तिने सूप खाली ठेवलं. "गडीमानसं आली त्या दिवशी. खांदा दिला, आंघोळ करून गेली. बाया आल्या न्हाईत."

"म्हणजे?"

"मयताच्या घरात चूल पेटवत न्हाईत. शेजारच्या भाकरी आनत्यात. आमच्याकडं कोन आनलीच न्हाई. पैल्या दिवशी बी म्याच पेटविली." तिने चुलीकडे पाहिलं. "भामाबाई माजी शेजारीन. एका भिंतीची. आता ती मागच्या दारानं जाती-येती. वाटंत दिसले की गंगम्मा तोंड फिरवती. कोनाचा राग न्हाई. समद्यांची घागर हुती तिथं. माझ्याकडं बघायचं कसं, हेच त्यास्नी कळंना."

बसलिंगप्पा उभेच होते.

"तुमी आत्ता मला जे म्हनालाव," धुरपताबाई म्हणाली, "ते बाहेर म्हना. दिवा पिवळा हुता म्हना. मला म्हनू नगा, मला ठावं हाय. त्यास्नी म्हना."

"पण त्यांनाही ठाऊक आहे की."

"असू द्या. साहेबानं म्हनलं म्हंजी झालं."

"बाई, मला चार माणसांत बोलता येत नाही."

हे त्यांच्या तोंडून कसं निघून गेलं ते त्यांना कळलं नाही. धुरपताबाईने त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलकं येऊन गेलं, शेजारणीच्या मुलाकडे पाहावं तसं.

"मला बी महिनाभर बोलायला कोन न्हाई," ती म्हणाली.

*

उतार उतरताना बसलिंगप्पांनी हिशोब लावून पाहिला. दिवा सदोष होता असं म्हणायचं, तर तो दाखला खोटा ठरत होता. त्यावरची सही त्यांची होती. जाब त्यांना विचारला जाईल. ते एक वेळ चालेल, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचं नवल वाटलं. पण जिल्ह्यातले सगळे लाल दिवे एकाच खेपेत आले होते. एक खोटा, तर सगळे खोटे. नवे येईपर्यंत दवाखान्याच्या सगळ्या गाड्या उभ्या करतील. तोवर कुठल्या विहिरीवर कुणाला दगड लागेल, ते कोण सांगणार होतं? आणि नरसिंगने का हात लावला नाही, ते आता कधीच कुठे लिहिलं जाणार नव्हतं. पिवळ्या काचेखाली तेही झाकलं जाणार होतं.

ते लिंबापाशी थांबले. नरसिंग गाडीच्या दाराला टेकून उभा होता.

"काय हो आप्पा," गंगम्मा म्हणाली, "टँकरचं काही सांगायला आलाव का नुसतं उन्हात हिंडालाव?"

दोघीतिघी हसल्या.

"टँकरचं मला माहीत नाही," बसलिंगप्पा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "त्या गाडीचा दिवा... दिव्यात खोट होती."

हसणं थांबलं.

"काच लाल पाहिजे. ती उन्हानं उतरून पिवळी पडली होती. लांबून तो टँकरचाच दिवा दिसत होता. मी आज तपासलं. तुम्हाला ते कळणं शक्य नव्हतं. कुणालाच नव्हतं."

भामाबाई हातातल्या चुंबळीचा सैल पीळ घट्ट करत राहिली. गाडीपाशी नरसिंग ताठ उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. गंगम्मा बसलिंगप्पांकडे टक लावून पाहत होती. म्हातारीचे डोळे बारीक झाले होते. तिने ओळखलं होतं. बसलिंगप्पांना वाटलं, आता ही म्हणेल, लाल होता.

"आन मंग," गंगम्मा सावकाश म्हणाली, "असली गाडी पास कुनी केली?"

"मी."

"तुमी?"

"मी केली. माझं चुकलं."

म्हातारीने मान हलवली. मग एकाएकी तिने हात उगारला आणि आवाज चढवला.

"चुकलं म्हनतोय बघा कसा! तोंड वर करून चुकलं म्हनतोय! आरं, डोळं हाईत का खोबणी? चष्मा कशाला घातलाय, शेंगा निवडाया?"

"सुशिक्षित मानूस म्हनं!" दुसरी म्हणाली.

"खुर्चीवर बसून शिक्के मारायचे, आन हिकडं मानसं मरत्यात!"

"आमाला काय सपान पडतंय का, कोन्ता दिवा कशाचा ते? आमी घागरी मांडल्या त्यात आमचं काय चुकलं?"

"आमचं काय चुकलं!"

"आन त्या बिचाऱ्या डायवरला लावलंय चौकशीला! तो बिचारा घसा फाडून वरडत हुता!"

नरसिंगने तोंड फिरवलं आणि माळाकडे पाहत राहिला.

आवाज वाढत गेले. ज्या एकमेकींशी महिनाभर धड बोलल्या नसतील त्या आता एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होत्या. कुणी रडतही होती, आणि रडता रडता साहेबांचा बाप काढत होती. बसलिंगप्पा हात जोडल्यासारखे पुढे घेऊन उभे होते. इतक्या लोकांसमोर ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. कागदावर आता दुसरं काही लिहिता येणार नव्हतं, एवढं त्यांना कळत होतं. उद्या सगळ्या गाड्यांवरचे दिवे उतरवावे लागणार होते.

भामाबाई उठली. तिने काहीच म्हटलं नव्हतं. तिने आपल्या घागरीकडे एकदा पाहिलं, रांगेत ती मधोमध होती. ती तिथेच सोडून, चुंबळ हातात घेऊन, ती वरच्या आळीच्या चढाला लागली. थोड्या वेळाने पारूबाई उठली. मग आणखी एक.

मागे उरलेल्या बाया जास्तच मोठ्याने ओरडू लागल्या. बसलिंगप्पांनी मान वर केली नाही. ती वर केली असती तर त्या बायांना थांबावं लागलं असतं.